वाचकांचे प्रश्न : परसात सुरण लावावा की कोनफळ?

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो. घराची मागची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्या मध्ये सुमारे 12 फूट लांब आणि 5 फूट रुंद मातीची पट्टी आहे. तिथे सकाळी आठ ते साडेअकरापर्यंत ऊन असते, नंतर इमारतीची सावली पडते. सासूबाईंच्या माहेरी, अलिबागकडे, परसात सुरण असे. त्यामुळे त्यांचा आग्रह सुरणाचा आहे. मला कोनफळ आवडते आणि थंडीत ते बाजारात महाग मिळते. दोन्हींपैकी काय लावावे?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती उन्हाच्या तासांची आहे, आणि तिच्या आधारे माझा कौल सासूबाईंच्या बाजूने पडतो. सुरण हे मुळात झाडांच्या सावलीत वाढणारे पीक आहे. नारळी-पोफळीच्या आणि केळीच्या बागांत ते आंतरपीक म्हणून घेतात ते याच कारणाने. साडेतीन तासांचे सकाळचे ऊन आणि नंतरचा उजेड एवढ्यावर त्याचे भागते. कोनफळाचे तसे नाही. अर्धवट सावलीत त्याचा वेल उजेडाच्या शोधात वर धावतो, पानेही भरपूर येतात, म्हणून सप्टेंबरपर्यंत आपण खूश असतो आणि जानेवारीत खणल्यावर हातात मनगटाएवढा कंद येतो.

दोन्ही पिकांचे वेळापत्रक मात्र जवळजवळ सारखे आहे. एप्रिलअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत लागवड, पावसाळाभर वाढ, दिवाळीनंतर पाने पिवळी पडणे आणि डिसेंबर-जानेवारीत काढणी. सुरणाला आठ-नऊ महिने लागतात, कोनफळाला नऊ-दहा. घाई असलेल्यांनी दोन्हींच्या वाटेस जाऊ नये.

सुरणाच्या बेण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. सुरणाच्या कंदाला वरच्या बाजूस मधोमध एक खोलगट वाटी असते आणि तिच्यात कोंब असतो. कंद कापताना प्रत्येक फोडीला त्या वाटीचा थोडा भाग आला पाहिजे. भाजीवाल्याकडून कापून आणलेल्या, बाजूच्या फोडी पुरल्या तर बहुतेकदा त्या जमिनीत कुजून जातात. म्हणून त्याला आधी सांगून वरचा, वाटीचा भाग मागून घ्यावा, किंवा अर्धा-पाऊण किलोचा अखंड कंद आणावा. तुकडे केले असतील तर ते शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवावेत. काल्यात ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळता आले तर उत्तम. ‘गजेंद्र’ आणि ‘श्री पद्मा’ या कमी खाजणाऱ्या जाती आहेत. त्यांतील ‘श्री पद्मा’ ही तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेची निवड आहे. आपल्याकडच्या भाजीबाजारात मात्र जातीचे नाव विचारून उपयोग होत नाही. कापल्यावर गुळगुळीत, फिकट गर दिसणारा कंद निवडावा.

शेतात सुरणाच्या दोन रोपांत 90 सेंटिमीटर अंतर ठेवतात. त्या हिशेबाने आपल्या पट्टीत भिंतीपासून जरा दूर, एका ओळीत चार खड्डे बसतील. खड्डा 60 सेंटिमीटर लांब-रुंद आणि 45 सेंटिमीटर खोल असावा. ठाण्यातील इमारतींभोवतीची जमीन बहुधा मुरूम आणि डबर टाकून भरलेली असते, त्यामुळे खणताना विटांचे तुकडे निघाले तर ते काढून टाकावेत आणि त्या जागी पोयटा व चांगले कुजलेले शेणखत भरावे. बेणे पुरल्यावर वर सुक्या पानांचा जाड थर द्यावा आणि पाऊस सुरू होईपर्यंत आठवड्यातून एक-दोनदा बेताचे पाणी घालावे.

पुढे एके दिवशी पानांच्या थरातून भाल्याच्या टोकासारखा गुलाबी-हिरवा कोंब वर येतो आणि आठ-दहा दिवसांत छत्री उघडावी तसा पसरतो. ज्याला आपण झाड समजतो ते सुरणाचे एकच पान असते. फिकट ठिपक्यांचा जाड दांडा म्हणजे त्याचा देठ. ते पान मोडले तर वर्षाची कमाई बरीचशी गेली असे समजावे. म्हणून मागच्या बाजूस मुले चेंडू खेळत असतील तर कडेने चार काठ्या रोवून दोरी बांधावी.

ठाण्याच्या पावसात खरी भीती पाणी तुंबण्याची असते. खड्डा भरताना तो जमिनीच्या पातळीपेक्षा वीतभर उंच ठेवावा. पाणी साचले की देठाच्या बुंध्याशी पांढरी बुरशी धरते, मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसतात आणि पान आडवे होते. त्यानंतर फारसे काही करता येत नाही.

राहिला प्रश्न खाजेचा. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते त्वचेत व घशात टोचतात. कोरड्या हातांना तेल लावून सुरण चिरावा आणि चिंच किंवा आमसूल घातलेल्या पाण्यात नीट शिजवावा, हे सासूबाईंना सांगण्याची गरज नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर ठाण्याच्या बाजारात आदिवासी बाया शेवळं ही जी रानभाजी विकायला आणतात, ती सुरणाच्याच रानटी भाऊबंदांची, आणि त्यांच्याबरोबर काकडं ही आंबट रानफळे घ्यावी लागतात ती हीच खाज घालवण्यासाठी. घरात कोणाला मूतखड्याचा त्रास असेल तर सुरण खाण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

एक सावधगिरी. कंद दोन-तीन वर्षे न काढता जमिनीतच मोठा होऊ दिला, तर उन्हाळ्याच्या शेवटी पानाऐवजी फूल येऊ शकते. ते जांभळट फूल दिसते भव्य, पण त्याला सडक्या मांसाचा वास येतो. माझ्या परसात एकदा ते फुलले तेव्हा शेजाऱ्यांनी दोन दिवस मेलेला उंदीर शोधला आणि तिसऱ्या दिवशी मी कबुली दिली. दरवर्षी काढणी केल्यास हा प्रसंग सहसा येत नाही.

आता आपल्या आवडीविषयी. आपल्या कुंपणाच्या भिंतीचा माथा उन्हात असेल, किंवा वरच्या मजल्यावरील शेजारी आपल्या खिडकीच्या जाळीला सुतळी बांधू देत असतील, तर पट्टीच्या सर्वांत उजेडाच्या टोकाला कोनफळाचा एक वेल जरूर लावावा. त्याचे मूळ सावलीत असले तरी चालते, पानांना मात्र ऊन हवे. त्याच्या बेण्याची कटकट नाही. बटाट्यासारखे डोळे त्याला नसतात, साल असलेल्या कोणत्याही तुकड्यातून कोंब फुटतो. 250 ते 300 ग्रॅमचा, शक्यतो वेलाकडच्या टोकाचा तुकडा घ्यावा. थंडीत उंधियूच्या दिवसांत बाजारात आलेले कोनफळ आणून त्यातला टोकाचा भाग राखेत घोळून एप्रिलपर्यंत कोरड्या सावलीत ठेवला, तरी पुरते. गुजराती भाजीवाल्याकडे ते ‘रताळू’ म्हणून मागावे, नाहीतर तो रताळी देईल. पावसात पानांवर काळे डाग पडून देठ काळवंडू लागले तर तो करपा आहे. तशी पाने लगेच काढून दूर टाकावीत.

चवीच्या बाबतीत मी कोनफळाकडे झुकतो, हे कबूल करायला हवे. परंतु चार खड्ड्यांपैकी तीन सुरणाला आणि एक कोनफळाला, ही वाटणी आपल्या उन्हाला धरून आहे, माझ्या जिभेला नव्हे.

प्रश्न : ऐरोलीला आमच्या गच्चीवर मोठ्या गोणीत लावलेल्या कोनफळाच्या वेलावर, पानांच्या बेचक्यात, लहान बटाट्यांसारखे कंद लागले आहेत. ते खाता येतात का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : वेल खरोखर कोनफळाचा असेल तर येतात. मात्र करांदा या त्याच्या जातभाई वेलालाही असेच कंद लागतात, आणि रानटी करांदे कडू व विषारीही असू शकतात. म्हणून आधी वेल बोटांत धरून फिरवून पाहावा. कोनफळाचा वेल चौकोनी असतो, त्याच्या चारही कडांना झालरीसारखे पातळ, बरेचदा लालसर पंख असतात आणि वरच्या भागात पाने समोरासमोर येतात. करांद्याचा वेल गोल आणि गुळगुळीत असतो, पाने एकाआड एक असतात. गोल वेल आढळला तर ते कंद खाऊ नयेत. चौकोनी असेल तर मोठे कंद शिजवून खावेत आणि लहान पुढच्या वर्षीच्या बेण्यासाठी ठेवावेत. खाली पडू दिले तर ते शेजारच्या कुंड्यांत उगवतात. गोणीतला कंद काढताना फावडे वापरू नये. वेल पूर्ण वाळल्यावर गोणी आडवी करून शिवणीवर उसवावी, कारण तळाशी पोहोचल्यावर कंद वळून वर आलेला असतो आणि खेचला की नेमका तिथेच तुटतो.