आदिमानव दोन्ही वेळेला मांसच खायचा का?

प्रश्न: तीन महिने झाले पॅलिओ डाएट (आदिमानवासारखं खाणं) करतोय, दोन्ही वेळेला ताटात रेड मीटच (मटण, बीफ वगैरे) असतं. वजन उतरलं पण एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) चढलं. आदिमानव हेच खायचा ना, मग माझंच का बिघडलं?

उत्तर: अहो, आदिमानवाला रोज शिकार मिळायचीच असं थोडीच होतं, आणि मिळाली तरी ती रानातली, अंगावर चरबी कमी, शिवाय तिच्यामागे पळून पळून जीव जायचा, आणि कंदमुळं, फळं, बियाही पोटात जायच्याच की. तुमच्या तुकड्याच्या कडेला जाड पांढरी पट्टी दिसते ना, त्यात सॅच्युरेटेड फॅट भरपूर, एलडीएल बहुतेक त्यानेच चढलंय. मांस वाईट नाही हो, त्यातलं लोह भाज्यांतल्यापेक्षा चांगलं अंगी लागतं, बी१२ पण मिळतं. फक्त आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम, त्याच्या वर नको, ती पट्टी कापून टाका, बाकी दिवस मासे, अंडी, भरपूर भाज्या. आणि सॉसेज, बेकन पॅलिओत बसतच नाही, डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्येच प्रोसेस्ड मीट थेट पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो हे नक्की झालेल्या गोष्टींत, टाकलंय (रेड मीट '२ए'मध्ये, म्हणजे बहुधा कॅन्सरकारक). दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) परत करा, नाहीच उतरलं तर डॉक्टरांना दाखवा.