स्ट्रेनला 'वाण' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की माशांना रोग करणाऱ्या जिवाणूंच्या जीनोमची (म्हणजे पूर्ण डीएनएची) तुलना केलीय त्यावर मराठीत लिहायचंय, तर स्ट्रेनला प्रजाती म्हणू की वाण, आणि आयसोलेटला वेगळा शब्द लागतो का.

प्रजाती तर नकोच. मराठी विश्वकोशात जीनसला (जवळच्या जातींच्या गटाला) प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणतात, हिंदीत प्रजाति म्हणजे स्पीशीज, पेपरवाले तो हिंदी अर्थ उचलतात म्हणून आधीच गोंधळ झालाय, त्यात स्ट्रेनलाही तोच शब्द दिला तर वाचणाऱ्याला काही पत्ताच लागणार नाही. एरोमोनास हे जिवाणू घ्या: एरोमोनास ही प्रजाती, एरोमोनास हायड्रोफिला ही जाती, आणि स्ट्रेन म्हणजे त्या जातीच्याही आतला भेद.

वाण शब्द गोड आहे पण तो बियाण्याचा, माणसाने निवडून जपलेल्या पिकाचा. तळ्यातला जिवाणू कोण निवडून पेरतंय? 'वाण नाही पण गुण लागला' ही म्हण मात्र जिवाणूंना तंतोतंत लागू पडते (तिथे वाण म्हणजे रंग), कारण ते शेजारच्या जिवाणूंकडून जीन खरंच उचलतात.

आता आयसोलेट. आजारी माशाची किडनी घ्यायची, त्यातलं थोडं जिवाणू वाढवायच्या प्लेटवर पसरायचं, एक कॉलनी (एका जिवाणूपासून वाढलेला ठिपका) वेगळी काढून वाढवायची, ते आयसोलेट. त्याला मासा, तळं, तारीख चिकटलेली असते. स्ट्रेन कोणता ते तुलना केल्यावर कळतं. अमेरिकेत अलाबामात 2009 मध्ये कॅटफिशच्या तळ्यांत एरोमोनास हायड्रोफिलाची मोठी साथ आली, त्या साथीतल्या आयसोलेट्सचे जीनोम जवळजवळ एकसारखे निघाले, आणि ते जुळले कशाशी, तर चीनमधल्या आजारी गवत्या माशातून काढलेल्या आयसोलेटशी! वर या सगळ्यांत मायो-इनोसिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ खाऊन वाढायची जीन्स होती, जी अमेरिकेतल्या जुन्या आयसोलेट्समध्ये नव्हती. म्हणून 2014 च्या शोधनिबंधात साथीचं मूळ आशियातलं म्हटलंय. हे सांगताना दोन्हीला एकच शब्द वापरला तर काय कशाशी जुळलं तेच कळणार नाही.

तेव्हा मी दोन्ही शब्द तसेच ठेवीन. करोनात 'नवा स्ट्रेन' घरोघरी पोचला, म्हणून तो स्ट्रेन, पुल्लिंगी, आणि ते आयसोलेट. आयसोलेट पहिल्यांदा येईल तिथे 'माशातून वेगळा काढून वाढवलेला जिवाणू' एवढं लिहा, पुरे.