जुनी अमेरिकन वृत्तपत्रं चाळायला बसशील तेव्हा

अमेरिकेत आलेल्या चिनी-जपानी स्थलांतरितांविषयी काय छापलं गेलं ते शोधताना नुसतं 'चायनीज' टाकून थांबू नकोस. १८७०-८०च्या बातम्यांत चिनी माणूस 'सेलेस्टियल', 'मंगोलियन', 'जॉन चायनामन' किंवा 'कुली' म्हणून येतो (हो, आपल्या स्टेशनवरचाच शब्द). स्वतःच्या नावाने क्वचितच. नाव कुठे गाळलंय ते वहीत टिपत जा; मला तेच सर्वांत जास्त छळतं.

तारीख आधी बघ. चिनी मजुरांना अमेरिकेत यायला १८८२च्या कायद्याने बंदी आली. जपान्यांविरुद्धची मोहीम 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'ने फेब्रुवारी १९०५मध्ये उघडली आणि पुढच्याच वर्षी शहराच्या शाळा मंडळाने जपानी मुलांना वेगळ्या शाळेत धाडायचं ठरवलं. दोन्ही काळांतले अंक शेजारी ठेव. स्वस्त मजुरी, 'लोंढा', 'हे मिसळत नाहीत'; आरोप तेच, माणसं दुसरी.

पण सगळ्या वृत्तपत्रांना एकाच मापाने मोजू नकोस. 'हार्पर्स वीकली'तलं व्यंगचित्रकार थॉमस नास्टचं १८७१चं चित्र बघ: खचून बसलेल्या चिनी माणसाच्या पाठीशी कोलंबिया, म्हणजे स्त्रीरूपातली अमेरिका, जमावासमोर ठाम उभी आहे.

आणि सॅन फ्रान्सिस्कोत १९००मध्ये सुरू झालेलं 'चुंग साइ यात पो' हे चिनी दैनिक अजिबात सोडू नकोस. चिनी येत नसेल तर जाणकाराला गाठ, एकेक मजकूर समजून घे. ज्यांच्याविषयी एवढं छापलं गेलं, ते स्वतः काय छापत होते हे तिथेच सापडतं.