आजोबांच्या हत्तीपायामुळे घरातल्यांना हत्तीरोग होईल का? आणि रक्त घ्यायला लोक रात्रीच का येतात?

आजोबांचा पाय चोळून दिल्याने किंवा त्यांच्या अंथरुणावर झोपल्याने हत्तीरोग होत नाही. पाय जुनाट सुजलेला असेल, तर बहुतेकदा अशा माणसाच्या रक्तात जंतांची पिल्लं सापडतही नाहीत. खरा वाहक असतो काहीच त्रास नसलेला, धडधाकट दिसणारा माणूस.

हत्तीरोग ज्या जंतामुळे होतो, त्याचं नाव वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. नर-मादी दोऱ्यासारखे (मादी ८ ते १० सेंमी) लसिकावाहिन्यांत (शरीरातला पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत) राहतात आणि रक्तात पिल्लं सोडतात. ही पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत (अगदी बारीक रक्तवाहिन्यांत) दडतात, रात्री १० ते २ च्या सुमारास त्वचेजवळच्या रक्तात येतात. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास चावतो तोही रात्रीच! म्हणून बोटाचं रक्त रात्री घेतात. त्याच माणसाची दुपारची काचपट्टी कोरी निघू शकते.

डासाच्या अंगात पिल्लू १० ते १४ दिवसांत लागण करण्याजोगं होतं, पण मलेरियाच्या परजीवीसारखी त्याची संख्या तिथे वाढत नाही. शिवाय डास ते थेट रक्तात सोडत नाही. ते कातडीवर पडतं आणि चाव्याच्या छिद्रातून आत शिरतं. त्यात बरीच वाया जातात. त्यामुळे एखाद्या चाव्याने सहसा काही होत नाही, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चावून घ्यावं लागतं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

सरकारच्या हत्तीरोगविरोधी मोहिमेतल्या डीईसी गोळ्या (या जंतांवरचं औषध) वयाप्रमाणे: २ ते ५ वर्षं १, ६ ते १४ वर्षं २, त्यापुढे ३ (१०० मिग्रॅची), सोबत अल्बेंडाझोल ही जंतनाशक गोळी. उपाशीपोटी घेऊ नका. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी यांना देत नाहीत. गोळीनंतर ताप, डोकेदुखी, गरगरणं झालं तर ते बहुधा पिल्लं मरत असल्यामुळे. लोक नेमके याला घाबरून गोळ्या कोनाड्यात ठेवतात, आणि वाहक तसाच राहतो. मोठे जंत मात्र या गोळ्यांनी सगळे मरत नाहीत, ५-७ वर्षं जगतात, म्हणून मोहीम दरवर्षी.

आजोबांचा पाय गोळ्यांनी पूर्ववत होणार नाही. रोज साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, बसताना-झोपताना पाय उंचावर ठेवा. थंडी वाजून ताप येतो आणि पाय लाल होतो, तो बेचक्यांतल्या भेगांतून शिरलेल्या जिवाणूंमुळे. तेव्हा दवाखाना गाठा.

घरात आधी संडासाच्या टाकीचा व्हेंट पाइप (वायू बाहेर सोडणारी नळी) बघा. क्युलेक्सला घाण पाणीच लागतं, आणि त्या पाइपला जाळी क्वचितच कुणी बांधलेली असते.