दोन काठ, एकच चिखल

प्रश्न : खारबांधासाठी थोडी कांदळं (खारफुटीची झाडं) तोडली आणि दुसरीकडे दुप्पट रोपं लावली, तर कार्बनची भरपाई होते ना? (वेंगुर्ले)

नाही होत. ओहोटीला तिवरांत, म्हणजे कांदळवनात, एकदा उतरून बघा. पाय पोटरीपर्यंत रुततो आणि उपसताना कुजक्या अंड्याचा वास येतो. त्या काळ्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून पानं-मुळं पुरती कुजत नाहीत आणि त्यांतला कार्बन शेकडो वर्षं तिथेच पडून राहतो. मोठा साठा चिखलात आहे, झाडात त्यामानाने थोडा. बांध घालून भरतीचं पाणी अडवलंत की चिखल सुकतो, हवा लागते आणि साठा वायू होऊन उडतो. नवी रोपं ही तूट तुमच्या-माझ्या हयातीत भरत नाहीत.

प्रश्न : तेरेखोल खाडीपलीकडे गोवा. आम्ही एकट्यांनी कांदळवन राखून काय उपयोग? (आरोंदा)

प्रश्न रास्त आहे. (तेरेखोलचा किल्ला तर तुमच्याच काठावर असून गोव्यात मोडतो!) कांदळाच्या लांब शेंगा भरतीवर तरंगत जातात आणि मिळेल त्या काठाला रुजतात. भराव एका बाजूला पडला तरी प्रवाह बदलून दुसरा काठ खचू शकतो. सीआरझेडचा (किनारपट्टी नियमन क्षेत्राचा) नियम दोन्हीकडे एकच : १००० चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा राखायचा. राखणारी खाती मात्र दोन. महाराष्ट्र वन खात्याचा आपला कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे, पण त्याचा हात राज्याच्या हद्दीपर्यंतच पोचतो.

सुंदरबनसाठी भारत-बांगलादेशाने २०११ मध्ये करार केला. मला त्याहून युरोपातल्या वाडन समुद्राची, म्हणजे तीन देशांच्या सामायिक उथळ चिखलकिनाऱ्याची, रीत पटते. डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स १९७८ पासून एकत्र बसतात आणि तिन्हीकडे मोजणी एकाच पद्धतीने करतात. तुम्हीही पलीकडच्या पंचायतीशी बोला. एकाच दिवशी, एकाच ओहोटीला दोन्ही काठ चाला, फोटो आणि नोंदी एका वहीत ठेवा. मग भराव दिसला की ‘तो त्यांचा’ म्हणून हात झटकता येणार नाहीत.

प्रश्न : भारत आंतरराष्ट्रीय कांदळवन आघाडीत आहे. आम्हाला पैसे मिळतील? (मालवण)

इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या २०२२ च्या हवामान परिषदेत सुरू झालेली ही आघाडी ऐच्छिक आहे, तिच्या भरवशावर राहू नका. केनियातल्या गाझी खाडीचे गावकरी मात्र कार्बन क्रेडिट (राखलेल्या कार्बनच्या बदल्यात मिळणारी, विकता येणारी पत) विकून पाणी आणि शाळेवर खर्च करतात. तुमच्याकडे कुणी कागद घेऊन आला तर सातबारा कुणाच्या नावावर आणि करार किती वर्षांचा, हे आधी विचारा. सहीचं नंतर बघू.