दुखेपर्यंत थांबू नका : दात आणि हिरड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली : दात ठणकू लागल्याशिवाय घरात कोणी तोंड उघडून आरशात पाहत नाही. कीड दाताच्या वरच्या कवचात असते तोवर दुखत नाही आणि हिरडीचा आजार तर बहुधा दात हलू लागेपर्यंत दुखत नाही. म्हणून पुढील उत्तरांत दुखण्याआधी काय दिसते, यावर मी भर दिला आहे.

प्रश्न : माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. त्याच्या खालच्या शेवटच्या दाढेवर काळी रेघ दिसते. दंतवैद्यांनी सिमेंट भरायला सांगितले आहे. सासूबाई म्हणतात, दुधाची दाढ आज ना उद्या पडणारच, तिच्यावर खर्च कशाला? काय करावे?
— एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, आधी एक मोजणी करा. मुलाला खिडकीपाशी उजेडात बसवा, तोंड मोठे उघडायला सांगा आणि खालच्या जबड्याच्या मध्यापासून एका बाजूला दात मोजत जा. एखादा पुढचा दात पडला असेल, तर त्याची रिकामी जागाही मोजणीत धरा. दुधाचे दात या बाजूला पाचच असतात : दोन पटाशीचे, एक सुळा आणि दोन दाढा. सहावी दाढ मोजली गेली, तर ती दुधाची नाही. ती कायमची आहे आणि ती गेली तर तिच्या जागी दुसरी येणार नाही. तुमच्या पत्रावरून मला तीच शक्यता अधिक वाटते.

ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते आणि तिच्यासाठी दुधाचा एकही दात पडत नाही. ती गुपचूप सर्वांच्या मागे उगवते, म्हणूनच बहुतेक घरांत ती दुधाचीच समजली जाते. नव्याने आलेल्या दाढेच्या खाचा खोल असतात, तिचे कवच अजून पुरते पक्के झालेले नसते आणि मुलाचा ब्रश तिथवर पोहोचतच नाही. कीड लागली असेल तर सिमेंट आताच भरून घ्या. उरलेल्या तीन नव्या दाढा निरोगी असल्यास त्यांच्या खाचा सीलंटने, म्हणजे कीड रोखणाऱ्या पातळ लेपाने, बुजवता येतात का, हेही डॉक्टरांना विचारा. त्यासाठी इंजेक्शन लागत नाही.

आता सासूबाईंच्या शंकेविषयी. दाढ खरोखर दुधाची निघाली, तरी ती दहा-बारा वर्षे वयापर्यंत तोंडात राहायची असते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा ती राखून ठेवते. ती लवकर काढावी लागली, तर शेजारचे दात सरकतात आणि पुढे वाकडे दात सरळ करण्याचा खर्च त्या सिमेंटच्या कितीतरी पट होतो.

आपण पत्रात लिहिले आहे की, मुलगा झोपताना साखर घातलेले दूध पितो आणि निफाडचे नातेवाईक पाठवतात ते बेदाणे दिवसभर तोंडात टाकत असतो. बेदाणे वाईट नाहीत, पण ते खाचांत चिकटून बसतात आणि दर वेळी गोड तोंडात गेल्यावर पुढचा सुमारे अर्धा तास दातांवर आम्लाचा मारा होत राहतो. बेदाणे जेवणासोबत द्या, दूध आधी आणि ब्रश नंतर असा क्रम ठेवा, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांना धुणारे कोणी उरत नाही. साधारण १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढीच. पेस्ट थुंकून टाकायला सांगा, मात्र नंतर खळखळून चूळ भरू देऊ नका. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत रात्रीचा ब्रश आपण स्वतः त्याच्या मागे उभे राहून करावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : माझे वय ४८, मधुमेह आहे. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते, म्हणून त्या बाजूला ब्रश लावणे बंद केले आहे. मित्र सांगतात, दात साफ करून घेतले की ढिले होतात. द्राक्षाचा हंगाम संपल्यावर दाखवले तर चालेल का?
— एक द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंतजवळून

उत्तर : दादा, पानावर भुरी रोगाचा पहिला ठिपका दिसल्यावर तुम्ही हंगाम संपण्याची वाट पाहत नाही. हिरडीतून येणारे रक्त हा तसाच पहिला ठिपका आहे. दात आणि हिरडीच्या सांध्यात चिकट थर साचतो, तो पुढे कडक कीटण होतो आणि हिरडी सुजते. सुजलेली हिरडी स्पर्श होताच रक्ताळते. ती बाजू घासणे सोडल्यामुळे थर वाढला आहे. मऊ ब्रश हिरडीच्या कडेवर किंचित तिरका धरून हलक्या हाताने फिरवा. सुरुवातीला रक्त येईल, घाबरू नका. आजार वरवरचा असेल तर एक-दोन आठवड्यांत ते कमी होते. कडक कीटण मात्र ब्रशने निघत नाही, त्यासाठी स्केलिंग, म्हणजे दंतवैद्याने उपकरणाने केलेली सफाई, लागते.

स्केलिंगने दात ढिले होत नाहीत. कीटणामुळे दातांखालचे हाड आधीच झिजलेले असते आणि फटींत भरलेले कीटण दातांना खोटा आधार देत असते. ते निघाल्यावर फटी मोकळ्या दिसतात, काही दिवस गार पाणी झोंबते आणि लोक दोष सफाईला देतात.

मधुमेहाचा संबंध दुहेरी आहे. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांतील सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. दाखवायला जाताना तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट सोबत न्या.

प्रश्न : सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत, दिवसातून चार वेळा मशेरी लावतात. हल्ली तिखट झोंबते म्हणतात आणि गालात आतून पांढरा चट्टा दिसतो. मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.
— एक सून, सिन्नर तालुका

उत्तर : हे पत्र वाचून मी सर्वांत आधी उत्तर लिहायला घेतले. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेला तंबाखू. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास आपल्या देशात १९९२ मध्येच बंदी आली. पण घरी भाजलेल्या मशेरीला आजही अनेक बायका दात घासण्याचे साधन मानतात, त्यामुळे आपल्याला व्यसन आहे हेच त्यांना पटत नाही. पोट साफ होते ते निकोटिनमुळे. सोडल्यावर काही दिवस त्रास होईल; सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि चालणे यांनी तो निभावतो. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, तिखटाची जळजळ आणि तोंडात स्वतःची तीन बोटे उभी न मावणे, यांपैकी एक जरी असेल तरी तपासणी आवश्यक आहे. प्रत्येक चट्टा कर्करोगाचा नसतो, पण कोणता आहे आणि कोणता नाही हे घरी ठरत नाही. गरज वाटल्यास डॉक्टर लहानसा तुकडा तपासायला पाठवतात. याच आठवड्यात त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात किंवा नाशिकमध्ये पंचवटीतील दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या. मशेरीवरून भांडण नको. “आई, तिखट झोंबतंय ना, ते दाखवून येऊ,” एवढेच म्हणा. त्या त्रासासाठी त्या येतील.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत, रात्रीही कवळी काढत नाहीत. चालेल का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : नाही. रात्री कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी. बेसिनमध्ये थोडे पाणी भरून, कवळी त्यावर धरून, मऊ ब्रश व साध्या साबणाने ती धुवावी, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. पेस्टने तिच्यावर चरे पडतात आणि उकळत्या पाण्याने ती वाकडी होते. हिरड्या व जीभही ओल्या मऊ कापडाने पुसाव्यात. कवळीखालचा टाळू लालभडक दिसत असेल तर ती बुरशी असू शकते. दाखवायला आणताना कवळी खिशात नको, तोंडात घालूनच आणा. ती कुठे टोचते आणि कुठे सैल आहे, हे त्याशिवाय कळत नाही.