पट्टी काळी झाली, तरी सेट परत पाठवा

तुम्ही विचारलंय की ऑपरेशनच्या हत्यारांचा सेट ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) निघाला, वाफ लागल्याचं दाखवणाऱ्या पट्टीवरच्या रेषा काळ्या झाल्या, पण एका आर्टरी फोर्सेप्सच्या (रक्तवाहिनी धरायच्या चिमट्याच्या) सांध्यात तपकिरी ठिपका दिसला, सिनिअर म्हणतात, "१३४ अंशांत शिजलंय, काय राहणार?" मग सेट द्यायचा की नाही?

देऊ नका. अख्खा सेट परत धुवायला पाठवा.

पट्टीला वाफ कळते, घाण कळत नाही. वाळलेल्या रक्ताच्या थराखाली वाफ पोचली का, हे ती सांगूच शकत नाही. शिवाय जंतू मेले तरी त्यांचं मढं तिथंच राहतं. ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या गटातल्या जंतूंच्या भिंतीतलं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, ऑटोक्लेव्हला दाद देत नाही. ते आधीच घासून, धुऊन काढावं लागतं. २००० साली अमेरिकेत सुल्झर कंपनीला खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या वाट्या परत मागवाव्या लागल्या. तिथं वाट्या निर्जंतुक केलेल्याच होत्या. कारखान्यातल्या वंगणाचा अंश वाट्यांवर राहिला, हाड त्यांना धरेना आणि त्या सैल झाल्या.

आता तुमचा ठिपका. साध्या खोडरबरानं घासा. निघाला आणि खाली धातू गुळगुळीत असला, तर डाग. खाली खड्डा दिसला, तर गंज. ते फोर्सेप्स बाद. रक्ताचा संशय असेल तर सांध्यात ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब सोडा. बुडबुडे आले की समजा रक्त आहे. नंतर भरपूर पाण्यानं धुवा.

मूळ दोष बहुधा ओटीतच (ऑपरेशन थिएटरमध्येच) सापडतो. केस संपली की इन्स्ट्रुमेंट्स सलाइनमध्ये (मिठाच्या पाण्यात) टाकून मामा, म्हणजे ओटीतले मदतनीस, चहाला जातात (दोष मामांचा नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं). सलाइननं स्टीलला खड्डे पडतात. कुणी घाईनं आधीच कढत पाणी ओततं, त्यात प्रथिनं गोठून घट्ट चिकटतात. आधी गार पाणी, मग रक्त-प्रथिनं सोडवणारं एन्झाइमचं द्रावण, आणि प्रत्येक सांधा उघडून ब्रश. लॉक लावलेलं फोर्सेप्स धुतलं काय, न धुतलं काय, सारखंच.

हाड जोडायच्या प्लेट-स्क्रूच्या ट्रेचंही विचारलंत, तिथं मी जास्त कडक आहे. न वापरलेले स्क्रू प्रत्येक केसला ओटीत जाऊन येतात, रक्ताळलेल्या ग्लोव्हजनी चाळले जातात आणि पुन्हा त्याच भोकात बसतात. आम्ही एकदा असा ट्रे पूर्ण सुटा करून अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी घाण सोडवणाऱ्या यंत्रात) टाकला, तर पाणी चहासारखं झालं. त्यानंतर रक्त लागलेला स्क्रू ट्रेत परत ठेवणं आम्ही बंद केलं. खर्चावरून सर्जनशी वाद झाला, अजूनही होतो.